नळातील पैच्छिल्य : पेयजलाच्या नलिकांमधील जीवाणुलेप आणि वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

वर्षा ऋतूत अतिसार, प्रवाहिका व कामला यांचे रुग्ण वाढतात, हे सर्व वैद्यमित्रांच्या नित्य अनुभवाचे आहे. अशा रुग्णाचा आहारविहार आपण विचारतो, अग्नी व कोष्ठ पाहतो आणि ओघात एक प्रश्न करतो : "पाणी कुठले पिता?" पूर्वी उत्तर येई, "विहिरीचे" किंवा "व्हाळाचे". मग विहिरीला कठडा आहे का, गोठा किती अंतरावर आहे, असे उपप्रश्न आपण विचारत असू. आता उत्तर येते, "नळाचे", आणि आपली विचारपूस तेथेच थांबते. ही निश्चिंतता कितपत सार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

राजापूर तालुक्यातील नाटे येथे आमचे चिकित्सालय आहे. एका बाजूस यशवंतगड व खाडी, दुसऱ्या बाजूस जांभ्याचा सडा, असा हा प्रदेश. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; परंतु जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी टिकत नाही आणि मे महिन्यात विहिरींचे तळ दिसू लागतात. नळ येणे ही म्हणूनच येथील स्त्रियांच्या डोक्यावरचा हंडा उतरविणारी मोठी गोष्ट होय. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घराघरांत नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि वाड्यावाड्यांवर नलिका पोहोचू लागल्या. त्यांचे स्वागतच आहे. मात्र पाण्याचा मार्ग जितका लांबतो, तितके वैद्याचे निदानक्षेत्रही लांबते, हे विसरता कामा नये.

रुग्णवृत्त

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात मुंबईहून आलेल्या एका चाकरमानी कुटुंबातील सात वर्षांचा मुलगा आमच्याकडे आणला गेला. द्रवमलप्रवृत्ती दिवसातून आठ-दहा वेळा, उदरशूल, मंद ज्वर. प्रवासाचा शीण, ऋतुबदल आणि मोदकांचा गुरू आहार हा इतिहास मिळताच आम्ही अजीर्णजन्य अतिसाराचे निदान केले, जलसंजीवनी व लाजमंड सांगितला, कुटजघनवटी दिली आणि कुटुंबास निश्चिंत राहण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याच घरातील आणखी तिघे जण तीच लक्षणे घेऊन आले. त्यांपैकी एकाने मोदक खाल्लेच नव्हते.

घरी राहणाऱ्या आजींना मात्र काहीच झाले नव्हते. अन्न सर्वांचे एकच होते. विचारपूस केली असता कळले की आजी परड्यातील विहिरीचे पाणी उकळून पितात. पाहुणे मात्र मागील पडवीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीचे पाणी पीत होते. ती टाकी व तिच्यापासून न्हाणीघर व स्वयंपाकघरापर्यंत आलेली नळी वर्षातून दोनदाच वापरली जाई, शिमग्याला आणि गणपतीला. मधल्या काळात तिच्यात थोडे पाणी तसेच उभे राही. यंदा तीत वरून नवे पाणी भरून ती सरळ वापरात घेतली होती.

आम्ही टाकी पाहावयास गेलो. पाणी काचेसारखे स्वच्छ, दुर्गंध नाही, रुचीही बिघडलेली नाही. टाकीच्या निर्गमद्वारात बोट फिरविले, तेव्हा ते बुळबुळीत, तपकिरी लेपाने माखून बाहेर आले. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओ.टी. द्रावण मागवून परीक्षा केली. रस्त्यावरच्या नळाच्या पाण्यास पिवळा रंग आला, म्हणजे तेथे क्लोरिन शिल्लक होते. टाकीच्या नळाच्या पाण्यास रंग आला नाही. पाणी तेच; वीस पावलांच्या अंतरात त्याचे रक्षक द्रव्य संपले होते.

टाकीचा वापर बंद केला, उकळलेले पाणी सुरू केले. चौघेही बरे झाले व नवा रुग्ण झाला नाही. एका घराच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु पहिल्या दिवशी आम्ही मोदकाला दोष देऊन थांबलो नसतो, तर पुढील तिघांचा त्रास टळला असता. तो बोटभर लेप आम्हांस पुन्हा ग्रंथांकडे घेऊन गेला.

संहितोक्त जलदुष्टी

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४५ व्या अध्यायात व्यापन्न जलाचे सहा दोष सांगितले आहेत : स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक. यांत स्पर्शदोष प्रथम येतो आणि त्याच्या लक्षणांत खरता, औष्ण्य व दंतग्राहिता यांबरोबर पैच्छिल्य, म्हणजे बुळबुळीतपणा, गणले आहे. पंक, सिकता, शैवाल व नाना वर्ण हा रूपदोष नंतर येतो. डोळ्यांना निर्मळ दिसणारे पाणीही स्पर्शाने दुष्ट असू शकते, असा या वर्गीकरणाचा व्यवहारातील अर्थ आम्ही घेतो. आमच्या रुग्णाच्या टाकीत नेमके हेच घडले होते : रूपदोष नव्हता, गंधदोष नव्हता, स्पर्शदोष होता, आणि तोही पाण्यात नव्हे, पाण्याच्या पात्रात.

चरकाचार्यांनी विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल या चार सामान्य भावांच्या विकृतीने संपूर्ण जनपद रोगग्रस्त होते, असे सांगितले. विकृत उदकाच्या लक्षणांत क्लेदाचे बाहुल्य येते. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, उकळून थंड केलेले पाणी हितकर, परंतु तेच शिळे झाल्यास त्रिदोषकर, असा स्पष्ट भेद केला आहे. शुद्ध केलेले पाणीही साठून राहिले की पुन्हा बिघडते, हा विचार येथे आहे. नळयोजनेच्या काळात तो अधिकच उपयुक्त ठरतो.

प्राचीन आचार्यांना आजचे जीवाणुशास्त्र ज्ञात होते, असा दावा आम्ही करीत नाही. रक्तज कृमी सूक्ष्मत्वामुळे अदृश्य असतात, एवढे चरकांनी म्हटले आहे. त्यावरून ओढूनताणून समीकरणे मांडणे हा आपल्या शास्त्राचा गौरव नव्हे. परंतु स्पर्शाने पाणी तपासण्याची जी सवय त्यांनी लावून दिली, ती आपण सोडली, हे मात्र खरे.

जीवाणुलेप म्हणजे काय?

आधुनिक शास्त्र या बुळबुळीत लेपास बायोफिल्म म्हणते. १६८३ मध्ये हॉलंडमधील अँटनी व्हॅन ल्यूवेनहूक यांनी आपल्या दातांवरचा मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातील हलणाऱ्या जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. तो मळ हा बायोफिल्मचाच प्रकार होय. पुढे तीन शतके जीवाणूंचा अभ्यास प्रामुख्याने द्रवात मोकळे तरंगणारे जीव म्हणून झाला. १९७८ मध्ये कॉस्टर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवाणू पृष्ठभागाला कसे चिकटतात, हे विस्ताराने मांडले आणि निसर्गातील बहुतांश जीवाणू समूहाने, लेपाच्या रूपात राहतात, हा विचार रूढ झाला.

लेपाची उत्पत्ती क्रमाक्रमाने होते. नवी नलिका पाण्याने भरली की प्रथम पाण्यातील सेंद्रिय कणांचा सूक्ष्म थर तिच्या भिंतीवर बसतो. त्यावर काही जीवाणू टेकतात. आरंभी ते सुटू शकतात, नंतर घट्ट चिकटतात. मग ते स्वतःभोवती शर्करासदृश बहुवारिक, प्रथिने इत्यादींचा चिकट स्राव सोडतात. पैच्छिल्य येते ते या स्रावामुळे. काही आठवड्यांत लेपाचे थर वाढतात. त्यांत पोषण वाहून नेणारे सूक्ष्म मार्ग असतात, निरनिराळ्या जातींचे जीवाणू, बुरशी, अमीबा एकत्र नांदतात. शेवटी लेपाचे तुकडे सुटून पाण्याबरोबर पुढे जातात व नव्या जागी बसतात. लोखंड, सिमेंट, पीव्हीसी, एचडीपीई यांपैकी कोणतीही नलिका यातून पूर्णतः मुक्त नाही. प्रमाणाचा फरक पडतो, इतकेच. पेयजलाच्या नलिकाजालातील जीवाणूंपैकी सुमारे ९५ टक्के भिंतीवर आणि उरलेले पाण्यात असतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पाण्याचा नमुना तपासला, तरी वस्तीचा मोठा भाग तपासणीबाहेर राहतो, तो असा.

या लेपातील बहुसंख्य जीवाणू निरुपद्रवी असतात, म्हणून भीती पसरविण्याचे कारण नाही. धोका आहे तो आश्रयाचा. गळक्या सांध्यातून मैला आत शिरला, की त्यातील रोगकारक जीवाणू व विषाणू या लेपात अडकून काही काळ टिकू शकतात व पुढे थोडेथोडे सुटत राहतात. सूडोमोनास व क्षयेतर मायकोबॅक्टेरिया हे तर लेपातच वाढणारे. दुर्बल रुग्णांना ते बाधू शकतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील एका अधिवेशनानंतर उद्भवलेल्या गंभीर फुप्फुसरोगाच्या साथीतून ओळखला गेलेला लिजिओनेला हा जीवाणूही कोमट, साचलेल्या पाण्याच्या लेपात, अमीबांच्या आश्रयाने वाढतो.

जानेवारी २०२५ पासून पुणे परिसरात गुलियन-बारे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतील मोठा गट सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागांतील होता. काही रुग्णांच्या मलात कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला व दूषित पाण्याकडे लक्ष वेधले गेले. ही साथ बायोफिल्ममुळे आली, असे म्हणण्यास आधार नाही. तथापि एकटा असताना पाण्यात फार न टिकणारा हा जीवाणू अन्य जीवाणूंच्या लेपात अधिक काळ तग धरतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. पाण्यातून अतिसारच होतो, असे नव्हे. त्याच्या पाठोपाठ वातवाहिन्यांचा घात करणारी व्याधीही येऊ शकते, हा धडा पुण्याने सर्व चिकित्सकांना दिला.

क्लोरिनचे बल व मर्यादा

आपल्यापैकी काही वैद्य रुग्णांना "टीसीएल हे रसायन आहे, ते टाळा" असा सल्ला देतात. आमचे नम्र मत असे की हा सल्ला अहितकर आहे. क्लोरिनीकरणाने पाण्यातील मोकळे रोगजंतू मरतात व नलिकेतून जाताना पुढील दूषणापासूनही काही संरक्षण मिळते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असावे आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळू नये.

परंतु क्लोरिन सर्वशक्तिमान नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पृष्ठभागाला चिकटलेले जीवाणू मोकळ्या जीवाणूंपेक्षा क्लोरिनला १५० ते ३००० पटींहून अधिक दाद देत नसल्याचे आढळले. लेपाचा बाह्य थर क्लोरिनशी संयोग पावून ते खर्च करतो आणि आतील जीवाणू सुरक्षित राहतात. टाकीत पुरेसे क्लोरिन घालूनही शेवटच्या घरी ते शून्य होते, याचे हे एक कारण. म्हणून टाकीजवळ केलेली ओ.टी. परीक्षा पुरेशी नव्हे. ती वाडीतील शेवटच्या नळावर झाली पाहिजे.

आपल्या प्रदेशातील विशेष कारणे

पहिले कारण खंडित पुरवठा. सकाळी अर्धा-पाऊण तास पाणी सुटते, मग व्हॉल्व्ह बंद होतो. नलिका रिकामी होताना आत ओढ निर्माण होते आणि सांधा सैल असेल तर गटारातील वा मातीतील पाणी आत शोषले जाते. पुन्हा पाणी सुटते तेव्हा त्याच्या धक्क्याने लेप खरवडला जाऊन पहिल्या पाण्यात उतरतो. आपल्या सीमेलगतच्या हुबळी-धारवाड येथील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या नळांवरील सुमारे एक तृतीयांश नमुन्यांत ई. कोलाय आढळला, अखंड पुरवठ्याच्या भागात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. कराडजवळील मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना राबवून छोट्या गावालाही हे शक्य असल्याचे दाखविले. तिचे आरोग्यदृष्ट्या महत्त्व यावरून कळावे.

दुसरे कारण जांभ्याची भूमी. येथील अनेक विहिरींचे पाणी मृदू व किंचित आम्ल असते, त्यात लोहांशही असतो. असे पाणी जस्ताच्या लेपाच्या लोखंडी नलिका कुरतडते. लोहावर जगणारे जीवाणू तांबूस, बुळबुळीत गाळ साठवितात आणि गंजाच्या खोबणीत लेपाला आसरा मिळतो.

तिसरे कारण बंद घरे. कोकणात दहा-दहा महिने कुलूप असलेली घरे गावोगावी आहेत. त्यांच्या टाक्यांत व नळ्यांत पाणी पर्युषित होऊन राहते.

चौथे कारण अंगणातील नळी. नळाला जोडलेली प्लॅस्टिकची नळी दिवसभर उन्हात व चिखलात पडते आणि सकाळी तिनेच हंडा भरला जातो. उष्णता, ओल व साचलेपणा यांमुळे लेपाला याहून सोयीची जागा नाही.

परीक्षण व प्रतिबंध

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे मूळ मानले, तर वैद्याने पुढील गोष्टी रुग्णाच्या घरी सांगाव्यात, शक्य तेथे स्वतः पाहाव्यात.

१. एकाच घरात वा वाडीत दोन-तीन दिवसांत अतिसाराचे एकाहून अधिक रुग्ण आले, तर आहारापूर्वी पाण्याची चौकशी करावी व प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे.

२. नळाचे तोंड, टाकीचे निर्गमद्वार व हंड्याचा तळ यांवर बोट फिरवून पैच्छिल्य पाहावे. नंतर हात साबणाने धुवावेत.

३. ओ.टी. द्रावणाने अथवा डीपीडी गोळीने शेवटच्या नळावर शेष क्लोरिन पाहावे. पहिल्यात पिवळा, दुसऱ्यात गुलाबी रंग येतो.

४. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे आलेले पाणी पिण्यास घेऊ नये. ते झाडांना व धुण्याला वापरावे. पिण्याचे पाणी नळीने न भरता थेट नळाखाली भरावे.

५. टाकी रिकामी करून भिंती ब्रशने घासल्याखेरीज औषध टाकण्यात अर्थ नाही. घासून, धुवून मग ती भरावी व दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरिन या प्रमाणात रात्रभर ठेवावी. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरिन धरल्यास १००० लिटरला १५० ग्रॅम पावडर लागते. हेच पाणी नळ्यांतूनही खेळवावे. ते पिऊ नये; सकाळी सोडून देऊन टाकी पुन्हा भरावी.

६. नित्य वापरास १००० लिटर स्वच्छ पाण्याला सुमारे ५ ग्रॅम ताजी पावडर पुरते. ती थोड्या पाण्यात कालवून, निवळ वरचे पाणी टाकीत ओतावे व किमान अर्धा तास थांबावे. उघडी राहिलेली जुनी पावडर निर्वीर्य होते.

७. बालके, गर्भिणी, वृद्ध व क्षीण रुग्णांना खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळलेले पाणी द्यावे. ते झाकून ठेवावे, ओगराळ्याने काढावे आणि त्याच दिवशी संपवावे.

८. बालकाच्या अतिसारात जलसंजीवनी प्रथम. सहा महिन्यांवरील बालकास जस्त २० मिलिग्रॅम, १४ दिवस द्यावे. डोळे खोल जाणे, मूत्र न होणे, मलात रक्त, ग्लानी ही लक्षणे दिसताच रुग्णालयात पाठवावे. अतिसारानंतर पायांत बधिरता वा दौर्बल्य आल्यास विलंब करू नये.

संहितोक्त उपायांचे स्थान

कतकाची, म्हणजे निवळीची बी गढूळ पाणी निवळवते. गाळ कमी झाला की क्लोरिनही कमी खर्च होते. म्हणून ती पूर्वकर्म म्हणून उपयुक्त, परंतु तेवढ्याने पाणी निर्जंतुक होत नाही. वस्त्रगाळ पाण्याचे महत्त्व बांगलादेशातील २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले : जुन्या साडीची चौपदरी वा अधिक घडी घालून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले, कारण पटकीचे जीवाणू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात, ते कापडात अडकतात. बेंगळूरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसारकारक जीवाणू नष्ट होतात, असे दाखविले. मात्र भांड्याच्या आत लेप बसला, तर पाण्याचा तांब्याशी स्पर्शच उरत नाही. चिंचेने वा कोकमाच्या सालींनी घागर घासण्याची आपल्याकडील रीत म्हणूनच सोडू नये.

उपसंहार

त्या गणेशोत्सवानंतर आम्ही आमच्या चिकित्सालयातील पाण्याचे यंत्र उघडून पाहिले. रुग्णांना औषध घेण्यासाठी आम्ही ज्यातून पाणी देत होतो, त्याच्या तोटीतही तोच बुळबुळीत लेप होता. आता दर शनिवारी ती तोटी उकळत्या पाण्याने धुतली जाते आणि चाकरमानी घरे उघडण्याच्या आठवडाभर आधी आम्ही ओळखीच्या कुटुंबांना टाकी घासण्याची आठवण देतो. हे काम लहान आहे, त्याला औषध लागत नाही, त्याची दक्षिणाही मिळत नाही. तरी जनपदाच्या आरोग्याचा विचार सांगणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी आहोत. रुग्णाने "नळाचे" असे उत्तर दिले, की पुढील प्रश्न अवश्य विचारावा : नळ कुठून येतो, पाणी किती वेळ उभे राहते, आणि टाकी शेवटची कधी घासली?